टॉनिकच्या बाटलीवरचं बाळ

संघदीपचे गाल विकायला काढावेत की नाही, या प्रश्नावर भागिरथाबाईंच्या घरात चैत्रात सुरू झालेली चर्चा मृग तोंडावर आला तरी मिटली नव्हती. संघदीप म्हणजे भागिरथाबाईंचा नातू. वय महिने आठ. चर्चेत अख्ख्या गल्लीचा शब्द होता, फक्त दोघांना कोणी विचारलं नव्हतं. एक संघदीप, कारण त्याला बोलता येत नव्हतं. आणि दुसऱ्या भागिरथाबाई, कारण त्या बोलल्या असत्या.

सुरुवात झाली फ्लेक्सच्या दुकानात. भागिरथाबाईंचा मुलगा नरेंद्र पंचायत समितीत कारकून. कॉलनीचा जयंतीचा फ्लेक्स छापायला म्हणून तो दुकानात गेला आणि बाळाला सोबत घेऊन गेला. माणसाने लहान लेकरू घेऊन दवाखान्यात जावं, लग्नात जावं, दुकानात जाऊ नये, असं भागिरथाबाईंचं जुनं मत आहे. दुकानदार शालिग्रामने संघदीपकडे पाहिलं आणि कॉम्प्युटर सोडून तो उभाच राहिला.

संध्याकाळी नरेंद्र जेवायला बसला तो ही बातमी घेऊनच.

"शालिग्राम म्हणते, संघदीपले जाहिरातीत घेतो. अकोल्याची कंपनी हाय. पंचवीस हजार देते."

"कायची जाहिरात?" सपनाने विचारलं. सपना ही नरेंद्रची बायको. ती एका विनाअनुदानित शाळेत शिकवते. तिथला पगार पाहुण्यासारखा आहे, येतो तेव्हा आनंद होतो, पण वाट पाहण्यात अर्थ नसतो.

"सोयाबीनच्या टॉनिकची. शेंगा भराव्या म्हणून फवारतेत ना, ते. नाव 'बाळसं'. म्हणून बाळसेदार लेकरू पाह्यजे त्याईले."

"म्हणजे फवाऱ्याच्या बाटलीवर आपलं लेकरू?"

"विष नाई ते. हिरवा त्रिकोण हाय त्याच्यावर. लाल असता तं मीच नाई म्हटलं असतं," नरेंद्र म्हणाला, जणू काही त्रिकोणाचा रंग पाहूनच तो आजवर जगत आला होता.

त्या दिवसापासून घरात नीतीचा विचार सुरू झाला. पूर्वी लोक नीतीने वागत किंवा अनीतीने वागत. विचार करत बसायला कोणाला वेळ नव्हता. आता भाजी-पोळीच्या दोन घासांमध्ये विचार चाले. सकाळी नरेंद्र म्हणे, "लेकराले कामाले लावणं बरोबर नाई." सपना म्हणे, "काम कायचं? हसणं हे काम हाय काय? अन् पैसे त्याच्याच शिक्षणाले लागतीन." संध्याकाळी सपना शाळेतून यायची ती वर्गातली पोरं पाहून विरघळलेली असायची. "नको जी. उद्या मोठा होऊन त्यानं विचारलं का मले न विचारता बाटलीवर काहून लावलं, तं काय सांगाचं?" तोवर नरेंद्र ऑफिसातून दुसऱ्या बाजूला गेलेला असायचा. दोघं एकाच वेळी एका बाजूला आले असते तर गोष्ट एका दिवसात संपली असती. पण नवरा-बायकोचं असं जमत नाही, हे भागिरथाबाईंना चाळीस वर्षांच्या संसारावरून माहीत होतं.

सपनाचा एक मुद्दा मात्र बिनतोड होता. "चौकात पाहा. प्रत्येक पोट्ट्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स हाय. वर लेकरू, खाली वीस शुभेच्छुक. तवा कोणी म्हणते काय का लेकराचा बाजार मांडला म्हणून? फुकट मांडला तं कौतुक, पैसे घेतले तं पाप!"

भागिरथाबाई भाकरी थापत होत्या. त्यांच्या हातावरची भाकर क्षणभर थांबली आणि मग तव्यावर पडली. त्यांना जे बोलायचं होतं, ते देवमनचं होतं.

देवमन म्हणजे त्यांचे मालक. दोन वर्षांपूर्वी गेले. किन्हीराजाच्या शाळेत शिपाई होते. सहाव्या वर्षापासून त्यांनी दुसऱ्याची गुरं राखली होती, आणि भागिरथाबाई सातव्या वर्षी आईच्या मागे कापूस वेचायला जात होत्या, अर्ध्या रोजीवर. लग्न झाल्यावर देवमनने घरात एकच नियम केला होता: या घरातलं लेकरू शिकल्याशिवाय कमावणार नाही. नरेंद्र दहा वर्षांचा असताना एकदा एस. टी. स्टँडवर एका पाहुण्याची पिशवी उचलून त्याने दोन रुपये मिळवले आणि मोठ्या ऐटीत आईच्या हातावर ठेवले. देवमनने पोराच्या दंडाला धरलं आणि त्या पाहुण्याला शोधत अख्खं गाव फिरवलं. पाहुणा सापडला मावसबहिणीच्या घरी, जेवायला बसलेला. "पैसे वापस घ्या," देवमन म्हणाले, "याचं चौथीचं वर्ष हाय." पाहुणा इतका घाबरला की त्याने ते दोन रुपये वरणाच्या हातानेच घेतले.

असा नियम. आता नियम करणारा भिंतीवर फोटोत होता आणि नियम मोडणारे चटईवर बसून हिरव्या त्रिकोणावर बोलत होते. संघदीप बाटलीवर गेला तर देवमनचा नियम गेला. आणि देवमनचं मागे राहिलेलं दुसरं होतं तरी काय?

शेजारच्या कमलीबाईला सगळं कळायला दीड दिवस लागला. तिच्या मानाने उशीरच.

"नजर लागन, भागिरथाबाई! साऱ्या जिल्ह्याची नजर! येक येक कास्तकार बाटली घेईन अन् लेकराकडं पाहीन!"

"आमी नजर-बिजर मानत नाई, कमलीबाई."

"तुमी नका मानू. नजर मानते ना तुमाले."

कमलीबाईचे यजमान मदनसिंग एस. टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. दुनियेतला कोणताही प्रश्न ते तिकिटावर आणून सोडवतात. त्यांनी खुर्ची ओढली. "यात विचार कायचा, नरेंद्रभाऊ? पाच वर्षांखालच्या लेकराले तिकीट नाई. म्हणजे ते पाशिंजरच नाई. जे पाशिंजर नाई ते कामगार कसं होईन?"

"मग मॉडेल कसं होईन, काका?"

यावर मदनसिंगांनी विचार करून सांगितलं की हा प्रश्न डेपो मॅनेजरच्या पातळीवरचा आहे.

शेवटी नरेंद्रने आपल्या स्वभावाप्रमाणे केलं. जिथे मन निकाल देत नाही तिथे त्याला नियम लागतो. त्याने शोधून काढलं की चौदा वर्षांखालच्या लेकराला जाहिरातीत घ्यायचं तर वरच्या कचेरीची परवानगी लागते. अर्ज खरं तर कंपनीने करायचा. पण कंपनीने तो शालिग्रामवर टाकला आणि शालिग्राम म्हणाला, "साहेब, तुमाले हापिसाचं समजते. मले फक्त फॉन्ट समजते."

"परवानगी भेटली तं सरकारच म्हणते का हे बरोबर हाय," नरेंद्र म्हणाला. "नाई भेटली तं सुटलो."

दोन्हीपैकी काहीही झालं नाही. कचेरीत असं होत नाही.

पुढच्या पाच आठवड्यांत भागिरथाबाई त्या कचेरीचे जितके जिने चढल्या तितके डोंगर त्या आयुष्यात चढल्या नव्हत्या. सपनाला शाळा, नरेंद्रला अर्धीच रजा. बाळाला कडेवर घेऊन हिंडणार कोण? एप्रिल-मेचं वाशीम. रिक्षातून उतरलं की डांबर चपलेला धरून ठेवायचं. आणि संघदीपचं वजन म्हणजे ज्या बाळशासाठी पंचवीस हजार मिळणार होते ते सगळं भागिरथाबाईंच्या डाव्या कमरेवर. इकडच्या खोलीत सांगितलं, मजुरीचा विषय आहे, तिकडे जा. तिकडे म्हणाले, बाळाचा विषय आहे, इकडे जा. मजुरी करणारं बाळ कोणत्या खोलीत बसतं हे कोणालाच माहीत नव्हतं. जन्माच्या दाखल्यावर नावाची जागा कोरी निघाली, कारण दाखला काढला तेव्हा आत्याबाईला नाव सुचायचं होतं. नाव चढवायला आठ दिवस. मग अर्जात एक रकाना निघाला: 'बालकास कामाचे स्वरूप समजावून सांगितले आहे काय?'

दुसऱ्या कोणी 'होय' लिहून टाकलं असतं. नरेंद्र खोटं लिहीत नाही. तेही बापाकडूनच आलेलं. त्याने संघदीपला गादीवर बसवलं, मागे उशी लावली आणि समोर मांडी घालून बसला.

"संघदीप नरेंद्र, आपणास सूचित करण्यात येते की," त्याने सुरुवात केली, कारण महत्त्वाचं काही सांगायचं म्हटलं की त्याला तीच भाषा येते, "आपले छायाचित्र सोयाबीनवरील टॉनिकच्या बाटलीवर…"

संघदीपने ओठांवर एक मोठा फुगा काढला, तो फुटेपर्यंत बापाकडे गंभीरपणे पाहिलं, आणि गादी ओली केली.

"हे होय समजाचं का नाई?" नरेंद्रने विचारलं.

"हरकत हाय असं दिसते," भागिरथाबाई म्हणाल्या. पाच आठवड्यांत त्या प्रकरणावर पहिल्यांदा बोलल्या, आणि त्याही गादी उचलता उचलता. त्यामुळे कोणी दखल घेतली नाही.

सहाव्या खेपेला ज्या टेबलावर फाइल स्थिरावली तिथे एक मॅडम होत्या. थकलेल्या, पण माणूस चांगला. त्यांनी भागिरथाबाईंना आधी पाणी दिलं, मग खुर्ची दिली, मग सांगितलं, "आजी, असा अर्ज या टेबलावर पह्यलाच. मी वर विचारलं हाय. वरच्यांनी आणखी वर विचारलं हाय." मग त्या नरेंद्रकडे वळल्या. "अहो, लेकरू घेतलं म्हणून ही सारी भानगड. मोठा माणूस घ्या ना बाटलीवर. कायी परवानगी नाई लागत."

नरेंद्रने घरी येऊन हे विनोद म्हणून सांगितलं. सपना हसली. मग हसता हसता थांबली आणि भिंतीकडे पाहू लागली.

भिंतीवर देवमनचा फोटो होता. पण तो एकट्याचा नव्हता. ते गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फ्लेक्स करायचा म्हणून घरातला एकुलता एक चांगला फोटो शालिग्रामकडे दिला होता. देवमन कोटात, आणि मांडीवर दीड वर्षाचा नरेंद्र. काय ते गाल! संघदीपचे गाल त्यापुढे म्हणजे वाळलेलं बोर.

"मोठा माणूस," सपना म्हणाली. "पण लहानपणचा."

शालिग्रामच्या कॉम्प्युटरमध्ये फोटो होताच. त्याने रंग भरून अकोल्याला पाठवला. कंपनीचं उत्तर चहा निवायच्या आत आलं: हेच बाळ पाहिजे. पेरणी पंधरा दिवसांवर आली होती. त्यांनी कोणतंही बाळ घेतलं असतं ही गोष्ट वेगळी. नरेंद्र अडतीस वर्षांचा. संमती देण्याच्या वयाला येऊन त्याला वीस वर्षं झालेली. नीतीचा प्रश्न असा सुटला की घरात शिरा झाला.

पण खोटं न लिहिणाऱ्या माणसाला शिरा पचत नाही. दुसऱ्या दिवशी नरेंद्रला आठवलं की आपण सरकारी नोकर. बाहेरचं काम करून पैसे घ्यायचे तर खात्याला विचारलं पाहिजे. त्याने आपल्याच ऑफिसात, आपल्याच शेजारच्या टेबलावर अर्ज दिला. शेजारच्या टेबलाने तो वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि लेखी विचारलं: 'सदर मॉडेलिंग केले त्या दिनांकास आपण शासकीय सेवेत होता काय?'

"मी तवा दुपट्यात होतो!" नरेंद्र ओरडला. अख्ख्या ऑफिसने ऐकलं. त्या दिवसापासून त्याला तिथे 'बाळ' म्हणतात. फाइल मागवायची झाली तरी, "बाळ, ती फाइल पाठव." पंधरा वर्षांच्या नोकरीत एक दिवस उशीर न केलेल्या माणसाची ही किंमत.

त्यातून मार्ग काढला मदनसिंगांनी, आणि अर्थात तिकिटावरूनच. "तिकीट ज्यानं काढलं, प्रवास त्याचा. फोटोचे पैसे तवा कोणं देल्ले होते?"

सगळे भागिरथाबाईंकडे पाहू लागले.

पैसे त्यांनीच दिले होते. लुगड्याच्या गाठीतले. तो दिवस त्यांना कालच्यासारखा आठवत होता. किन्हीराजाहून वाशीमला आले होते ते फोटोसाठी नव्हे, दवाखान्यासाठी. पोराला गालफुगी झाली होती. दोन्ही गाल टम्म सुजलेले, ताप, अंगावर पीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, आठ दिवसांत उतरेल. बसला दोन तास होते. दवाखान्याखालीच स्टुडिओ. मागे विमानाचा पडदा, आणि खुंटीवर फोटोपुरता घालायला एक कोट. देवमनची नजर त्या कोटावर गेली.

"आलोच हाओत तं फोटो काढू."

"आता? पोट्ट्याचं तोंड पाहा कसं सुजलं!"

"सुजलं म्हणून कोणाले दिसते? फोटोत भरेल, गुटगुटीत दिसन. पाहा बरं, कसं भरेल दिसते!"

आणि ते गालफुगीचं पोर मांडीवर घेऊन देवमन असे ताठ बसले की जणू जिल्ह्यातलं सगळं दूधदुभतं त्यांच्याच दारात. छत्तीस वर्षं तो फोटो पाहून आलं-गेलं म्हणत आलं, "लहानपणी काय बाळसं होतं हो नरेंद्रचं!" आणि देवमन होते तोवर डोळ्यांनी बायकोला दटावत आले, सांगू नको म्हणून. आता ही गोष्ट माहीत असणारं माणूस एकच उरलं होतं.

"आई, तुमी सही कराल ना?" सपनाने विचारलं.

इतक्या दिवसांत त्यांना पहिल्यांदा कोणी काही विचारलं. भागिरथाबाईंनी मांडीवरच्या संघदीपकडे पाहिलं. त्या नाही म्हणाल्या असत्या, तर उद्या पुन्हा जिने, पुन्हा डांबर, आणि शेवटी कधीतरी परवानगी येऊन हे लेकरू बाटलीवर जाणार. हो म्हणाल्या तर दुसरं लेकरू जाणार. दोन्ही त्यांचीच. पण दुसरं निदान शिकलेलं होतं.

"करतो," त्या म्हणाल्या. "पण येक गोष्ट. नरेंद्रच्या बाबाले कापाचं नाई."

कागद घेऊन आलेल्या शालिग्रामने दोन्ही कानांना हात लावले. "आजी, आईशप्पथ! बाबा जसेच्या तसे!" आणि सोबत आणलेलं शाईचं पॅड त्याने त्यांच्यापुढे सरकवलं, अंगठ्यासाठी.

भागिरथाबाईंनी पॅड परत सरकवलं. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात देवमनने त्यांना सही शिकवली होती, चुलीच्या राखेत, काडीने. स्वतः ते उभ्या जन्मात कुठे अंगठा देऊन आले नाहीत. बँकेत हात थरथरायला लागले तेव्हाही तीनदा कागद बदलून घेतला, पण सहीच केली. "गुरं राखाचं सुटलं तवापासून हा अंगठा कोणाच्या बापाले देल्ला नाई," असं म्हणायचे. भागिरथाबाईंनी पेन मागून घेतला आणि सावकाश सही केली. 'भा'चा काना जरा लांबला तेवढंच.

चेक आला. पंचवीसचा नव्हता. जुन्या फोटोत रंग भरायचा खर्च कंपनीने आधीच कापला होता. भागिरथाबाई म्हणाल्या, संघदीपच्या नावाने ठेवून द्या, बापाने दीड वर्षाचा असताना कमावलेले आहेत. कोणी हसलं नाही. सगळेच दमले होते. वरच्या कचेरीतून संघदीपची परवानगी त्याच आठवड्यात आली. ती नरेंद्रने व्यवस्थित फाइल करून ठेवली.

पेरण्या आटोपत आल्या तेव्हा भागिरथाबाई पुतणीकडे किन्हीराजाला गेल्या. बसमधून उतरल्या आणि पाहतात तो समोर, रस्त्याच्या पलीकडे, दोन मजली नरेंद्र. निळं झबलं, लाल ओठ, गाल असे की मागचं आभाळ झाकलेलं. खाली लिहिलेलं, 'बाळसं: शेंग भरली, चिंता सरली.' कोपऱ्यात हिरवा त्रिकोण.

त्यांनी देवमनला शोधलं. उजवीकडे पाहिलं, सोयाबीनचं शेत होतं. डावीकडे पाहिलं, बाटली होती. कोट नाही, विमान नाही, माणूस नाही. मग पोराच्या कमरेशी त्यांना काहीतरी दिसलं. झबल्यावर, घट्ट धरलेला, एका माणसाचा अंगठा. तेवढा कापायचा राहून गेला होता, की शालिग्रामने शपथ आठवून तेवढाच ठेवला होता, कोण जाणे. हाताएवढा मोठा अंगठा, नखासकट.

"देल्ला ना शेवटी," भागिरथाबाई पुटपुटल्या. त्यांना हसू येत होतं, आणि डोळे पुसायला पदर कुठे गेला तेही सापडत नव्हतं.

शेजारी एक कास्तकार उभा होता. वयाने नरेंद्रएवढा. हातात रिकामी पिशवी, दुकानाकडे निघालेला. तोही वरच पाहत होता.

"घ्यावं काय हो बाई हे औषध? मन होऊन राह्यलं. लेकरू पाहा बरं, कसं भरेल दिसते!"

तेच शब्द. तोच सूर. भागिरथाबाईंनी एकदा त्या अंगठ्याकडे पाहिलं. तो त्यांना दटावत होता, देवमन हयातभर दटावत आले होते तसाच. पण दोन रुपयांसाठी पोराचा दंड धरून अख्खं गाव फिरला होता तोही हाच हात.

"बापू," त्या म्हणाल्या, "औषधाचं मले मालूम नाई. पण ते लेकरू भरेल नाई. सुजेल हाय."

"आँ?"

"गालफुगी होती त्याले. आठ दिवसांत उतरली."

"तुमाले काय मालूम?"

"मीच नेलं होतं दवाखान्यात," भागिरथाबाई म्हणाल्या, आणि पिशवी उचलून पुतणीच्या घराच्या वाटेला लागल्या.